आप्तवाक्य कोणास म्हणावे?

बिरसा गावी पूर्वी बातमी येत असे ती माणसाच्या पायांनी. आठवडी बाजाराच्या दिवशी बैहरकडून अथवा मलाजखंडाकडून कोणी आला म्हणजे तो चार गोष्टी सांगे, आणि ऐकणारा त्या ऐकताना सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असे. हा मनुष्य कोण, त्याने ही गोष्ट डोळ्यांनी पाहिली की कोणाकडून ऐकली, तिखटमीठ लावून सांगण्याची त्याला खोड आहे काय, हे सारे ऐकणाऱ्यास ठाऊक असे. बातमीसोबत तिचा जामीनही दारात येऊन उभा राही. आज बातमी येते ती खिशातल्या मोबाइलवर. तिला तोंड नाही, गाव नाही आणि जामीनही नाही. अशा निनावी शब्दावर विश्वास केव्हा ठेवावा, आणि तो दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार आपणांस केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न आज प्रत्येक कुटुंबापुढे आहे. वरवर पाहता तो यंत्राचा वाटेल. आमच्या मते तो नीतीचा आहे, आणि म्हणूनच मंदिराच्या पत्रिकेत त्याचा विचार होणे उचित आहे.

हा विचार आम्हांस स्वतःच्या चुकीवरून सुचला, हे प्रथमच सांगून टाकणे बरे. मागे एकदा मधुमेहावरील एका काढ्याचा संदेश आमच्याकडे आला. चाळीस दिवस काढा घ्यावा, गोळ्या कायमच्या सुटतील, असा त्याचा आशय होता. खाली कोणा मोठ्या वैद्याचे नाव होते आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा, पुण्य लागेल’ अशी पुस्ती जोडलेली होती. आम्ही तो सद्भावनेने मंदिराच्या ग्रुपवर पाठविला. आमच्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तो वाचून आपल्या गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात साखर इतकी वाढली की त्यांची शुद्ध हरपली आणि रात्रीच त्यांना गोंदियास न्यावे लागले. ते वाचले, ही ईश्वराची कृपा. ते घरी परतल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि क्षमा मागितली. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “अहो, परक्या कोणी पाठविले असते तर मी लक्षही दिले नसते. तुम्ही पाठविले, म्हणून घेतले.” त्यांचे हे शब्द अद्याप आमच्या मनातून गेलेले नाहीत. त्या काढ्यास कोणी जामीन नव्हता. नकळत जामीन आम्ही राहिलो होतो.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा फार खोल विचार केलेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जग एवढे विस्तीर्ण आहे की प्रत्येक गोष्ट स्वतः पाहणे कोणासही शक्य नाही. आपली जन्मतिथीदेखील आपण आईच्या शब्दावरूनच मानतो. म्हणून शब्दास प्रमाण मानल्यावाचून संसार चालावयाचा नाही. परंतु वाटेल त्याचा शब्द प्रमाण नव्हे. आप्ताचा शब्द तेवढा प्रमाण. हा आप्त कोण? वात्स्यायनाने आपल्या भाष्यात त्याचे लक्षण सांगितले आहे. त्याचा भावार्थ असा की, ज्याने ती वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असेही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे. हजार वर्षांहूनही कितीतरी पूर्वी लिहिलेले हे विधान आजही आपणांस पचविणे जड जाते. सांगणारा आपल्या धर्माचा, जातीचा वा पक्षाचा आहे, एवढ्यावरून त्याचे सांगणे खरे ठरत नाही. तो परका आहे, एवढ्यावरून ते खोटेही ठरत नाही. विचारावयाचे एवढेच की, याला हे ठाऊक कसे झाले? आणि जसे आहे तसे सांगण्याखेरीज याचा आणखी काही हेतू आहे काय?

मराठीत आज आप्त म्हणजे नातलग, सोयरा. आमची चूक या एका शब्दात सापडते. जो आपला तो आप्त, असे आपण धरून चालतो. मेहुण्याने पाठविले, शाळासोबत्याने पाठविले, मंदिरातल्या माणसाने पाठविले, एवढे आपल्याला पुरते. परंतु मेहुणा प्रामाणिक असला, तरी त्या गोष्टीचा जाणकार असतोच असे नाही. त्यानेही ती कोणा आपल्या माणसाकडूनच घेतलेली असते. अशा रीतीने जिव्हाळ्याच्या साखळीवरून अज्ञान दारोदार पोहोचते, आणि प्रत्येक दारी त्याला एक नवा प्रतिष्ठित जामीन मिळत जातो.

यावर कोणी म्हणेल की, पाठविण्यात बिघडले काय? खरे असेल तर लोकांचा फायदा होईल, खोटे असेल तर कोणी लक्ष देणार नाही. सावध केलेले केव्हाही बरे. हा युक्तिवाद आम्हीही पूर्वी करीत असू. त्याचे उत्तर आम्हांस आमच्याच जिल्ह्याने दिले आहे. सन २०१८ च्या जून महिन्यात बालाघाट जिल्ह्यात असा संदेश फिरला की, पाचशे माणसे भिकाऱ्यांच्या वेषात फिरत असून ती लोकांना मारून त्यांच्या शरीरातील अवयव काढून नेतात. त्या भीतीच्या भरात पन्नास-साठ जणांच्या जमावाने दोन माणसांना निर्दयपणे मारहाण केली. संदेश पसरविल्याबद्दल पोलिसांनी तिघांना अटक केली. याच सुमारास, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे याहून भयंकर प्रकार घडला. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळविणारी टोळी समजून, बाजाराच्या दिवशी जमावाने ठार मारले. आधी कित्येक दिवस त्या भागात मोबाइलवरून मुले पळविणाऱ्यांच्या अफवा फिरत होत्या.

वाचकहो, क्षणभर थांबून याचा विचार करावा. ज्या गोसाव्याच्या झोळीत आपल्या आजीने दारी येऊन पसाभर तांदूळ घातले, त्याच गोसाव्याच्या अंगावर माणसे धावून गेली. पिढ्यान्‌पिढ्यांचा अतिथिधर्म काही ओळींच्या निनावी मजकुराने एका दिवसात पुसून टाकला. आणि ज्यांनी तो मजकूर पुढे धाडला, त्यांतील बहुतेकांना कोणाचा प्राण घ्यावयाचा नव्हता. त्यांना आपल्या मुलांची काळजी होती. काढा पाठविताना आम्हांसही त्या वृद्ध गृहस्थांचे हितच हवे होते. यावरून एवढे निश्चित होते की, सद्भावना ही पडताळणीच्या जागी चालत नाही. दिवा लावणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, गवताच्या गंजीजवळ तो ठेवल्यास आग लागावयाची ती लागतेच.

त्या दिवसांत देशभर एक चित्रफीत हातोहात फिरत होती. रस्त्यात खेळणाऱ्या मुलांपैकी एकास मोटारसायकलवरील माणूस उचलून नेतो, एवढे तीत दिसे. जे डोळ्यांना दिसते ते खोटे कसे, असे पाहणारा म्हणे. ती चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे, पालकांनी मुलांकडे लक्ष द्यावे म्हणून तयार केलेली होती. मूळ चित्रफितीत तोच स्वार लगेच परत येतो, मुलाला सुखरूप सोडतो आणि पालकांस सावध करणारा फलक दाखवितो. कोणीतरी हा शेवट कापून टाकला. जे उरले त्यातील प्रत्येक दृश्य जसेच्या तसे होते, आणि तरीही ते सर्वस्वी असत्य होते.

कापलेल्या सत्याची ही कथा आपणांस नवी नाही. महाभारतातील द्रोणाचार्यांनी पुत्राच्या मरणाची वार्ता ऐकल्यावर भीमाच्या सांगण्यावर विसंबून शस्त्र ठेवले नाही. त्यांनी पडताळणी केली, आणि तीही ज्याच्या तोंडून कधी असत्य निघत नाही अशा युधिष्ठिराकडे. युधिष्ठिराने अश्वत्थामा मेला हे मोठ्याने सांगितले आणि तो हत्ती होता हे पुटपुटला. शब्द खोटा नव्हता, पण ऐकणाऱ्याच्या कानी अर्धाच पोहोचावा अशी योजना होती. त्या क्षणी, तोवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ जमिनीस टेकला, असे महाभारत सांगते. व्यासांनी युद्धातील लाभाकडे पाहून धर्मराजाला सूट दिली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अर्धे सत्य सांगणे हा असत्याचाच प्रकार होय. आणि अर्धे कापलेले सत्य शहानिशा न करता पुढे पाठविणे, हा त्या पापात वाटा घेण्याचा प्रकार होय.

जेथे भय नाही आणि क्रोधही नाही, तेथे फसवणूक कमी होते असे मात्र समजू नये. आपल्याला जे खरे व्हावेसे वाटते, ते आपण सर्वांत लवकर खरे मानतो. याचा दाखला मराठ्यांच्या इतिहासातच आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु महाराष्ट्राच्या मनाला ते पटेना. पुढे एक मनुष्य आपणच भाऊसाहेब असल्याचे सांगत पुढे आला. त्याची चौकशी झाली, तो खोटा ठरला, रत्नागिरीस कैदेत पडला. तरीही १७७६ साली तो सुटताच कोकणात त्याच्याभोवती फौज जमली, आणि अखेरीस बंड मोडून त्याला देहान्त शासन करावे लागले. लोक मूर्ख होते म्हणून तोतयाच्या मागे गेले, असे आम्हांस वाटत नाही. भाऊसाहेब परत यावेत ही त्यांची इच्छा होती, आणि त्या इच्छेने डोळ्यांवर पडदा ओढला.

आजचे तोतये याच इच्छेवर जगतात. आपल्या राष्ट्रगीतास युनेस्कोने जगातील सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरविले, हा संदेश कित्येक वर्षे फिरत आहे. युनेस्कोने असा निर्णय कधीही दिलेला नाही. दिवाळीच्या रात्री अवकाशातून झगमगणारा भारत म्हणून एक रंगीत चित्र दरवर्षी येते. ते वस्तुतः अमेरिकेच्या उपग्रहांनी १९९२ ते २००३ या काळात टिपलेले दिवे एकत्र करून बनविलेले असून, त्यातील निरनिराळे रंग वाढत गेलेली वस्ती दाखवितात. दिवाळीतील जादा उजेड अवकाशातून ओळखू येईल एवढा नसतो, असा खुलासा नासाने २०१२ मध्येच केला आहे. या संदेशांनी कोणाचा जीव गेला नाही, हे खरे. परंतु देश आणि धर्म यांचा गौरव असत्याने वाढवावा लागतो, असे मानणे हा त्यांचा अपमानच नव्हे काय? आपल्या मुलांनी एक दिवस खरे शोधून काढले, तर ती आपण सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाहीत.

याहून कठीण परीक्षा १६ एप्रिल २०२० नंतर झाली. त्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, मुले पळविणारे व चोर आल्याच्या अफवेने भडकलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांची हत्या केली. ऐकून प्रत्येक भाविकाचे अंतःकरण कळवळले, आणि तसे होणे योग्यच होते. परंतु त्या दुःखाच्या भरातच दुसरी अफवा सुटली, की हे कृत्य अन्य धर्मीयांनी केले. तेव्हा अटकेतील १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांस जाहीर करावे लागले. ज्या साधूंचा बळी अफवेने घेतला, त्यांच्याच नावाने दुसरी अफवा पसरावी, याहून मोठा अनादर तो कोणता? वात्स्यायनाने म्लेच्छालाही तीच कसोटी लावा असे सांगितले, त्याचे मोल अशा वेळी कळते. ज्या संदेशाने आपल्या मुठी आवळल्या जातात, त्याचीच पडताळणी सर्वांत आधी केली पाहिजे.

आता ही पडताळणी सामान्य गृहस्थाने करावी कशी? त्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. घटना कोठे, केव्हा आणि कोणासमक्ष घडली, हे तिन्ही ज्या मजकुरात नाही तो बाजूस ठेवावा. दहा ग्रुपांवर तोच मजकूर आला म्हणजे दहा साक्षी मिळाल्या असे समजू नये. ती एकच साक्ष दहा वेळा उच्चारलेली असते. स्वतंत्रपणे माहिती काढणाऱ्या दोन-तीन वृत्तपत्रांत ती बातमी आहे काय, हे पाहावे. छायाचित्र शंकास्पद वाटल्यास गूगलवर ते चित्र देऊनच शोध घेता येतो, आणि पुष्कळदा कालचे म्हणून आलेले चित्र दहा वर्षांपूर्वीचे व परदेशातील निघते. घरातील नातवंडे ही युक्ती मिनिटभरात शिकवितील. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या माथ्यावर दुहेरी बाण दिसला, तर तो अनेक हातांतून आलेला आहे असे जाणावे. २०१८ च्या जुलैमध्ये त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल असे बंधन घातले, आणि एप्रिल २०२० पासून असा अनेक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. यंत्रानेही एवढा संयम पत्करला आहे, हे आपण विसरू नये.

औषधाची गोष्ट असेल, तर ज्याने आपली नाडी पाहिली त्या डॉक्टरांस विचारल्यावाचून एक गोळीही बंद करू नये. केंद्र सरकारच्या निर्णयाविषयी शंका असेल, तर पत्र सूचना कार्यालयाचा पडताळणी विभाग २०१९ पासून हेच काम करीत आहे. हुबेहूब आवाज आणि चेहरा आता यंत्राने बनविता येतो, म्हणून ओळखीच्या आवाजात पैसे मागितले गेले तरी फोन ठेवून स्वतः त्या व्यक्तीस फोन करावा. पोलिसाचा पोशाख घालून चित्रफोनवर ‘डिजिटल अटक’ करणारे तर शुद्ध तोतये होत. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. तसेच प्रश्न विचारताच सफाईदार उत्तर देणारी नवी यंत्रे आली आहेत. त्यांची भाषा आत्मविश्वासाची असते, पण आत्मविश्वास हे आप्ताचे लक्षण वात्स्यायनाने सांगितलेले नाही. त्यांनाही हे कोठून कळले, असे विचारावे आणि मूळ ठिकाणी जाऊन पाहावे.

एवढे सारे ऐकून काही भाविक वाचकांच्या मनात शंका येईल की, प्रत्येक गोष्टीवर संशय घेऊ लागलो तर श्रद्धेचे काय होईल? ही शंका आदराने घेण्याजोगी आहे. परंतु न्यायशास्त्राने विचारासाठी जे सोळा पदार्थ मानले, त्यांत संशयही एक आहे आणि निर्णयही एक आहे. संशय तेथे चोरासारखा शिरलेला नाही, त्याला मानाचे आसन आहे. कारण संशयावाचून शोध नाही आणि शोधावाचून निर्णय नाही. मात्र संशयातच बसून राहणे हेही शास्त्रास मान्य नाही. ‘सगळेच खोटे बोलतात’ असे म्हणून हात झटकणारा मनुष्य आणि आलेले सर्व खरे मानणारा मनुष्य, हे दोघेही कष्ट टाळतात. श्रद्धा ही कष्ट घेणाऱ्याची असते. शेतकरी बियाणे मुठीत घेऊन पारखतो, पोचट दाणे वेगळे काढतो आणि मग ते मातीच्या स्वाधीन करतो. त्याच्या पारखण्याने त्याची मातीवरील श्रद्धा उणी होत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. इतका वेळ कोणास आहे, असे पुष्कळ जण म्हणतात. त्यास आमचे उत्तर एवढेच की, पडताळण्यास वेळ नसेल तर पाठविण्याचीही घाई नाही. माहीत नाही म्हणून गप्प राहणाऱ्याने कोणाचे काही बिघडविल्याचे आम्ही पाहिलेले नाही. आपण वाचतो तेव्हा केवळ श्रोते असतो. पुढे पाठविले की त्याच क्षणी साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराची जबाबदारी श्रोत्याहून मोठी असते. गीतेत सांगितलेल्या वाणीच्या तपात सत्य आहे, प्रिय आहे, हितकर आहे आणि दुसऱ्यास उद्वेग न देणे हेही आहे. बोटाने पाठविलेला शब्द या तपातून सुटतो, असे मानण्यास काहीच आधार नाही.

आणि चूक झालीच तर? तर ती ज्या ठिकाणी झाली त्याच ठिकाणी, तितक्याच मोठ्याने दुरुस्त करावी. संदेश गुपचूप पुसून टाकणे हे प्रायश्चित्त नव्हे, कारण वाचणाऱ्याच्या मनातून तो पुसला जात नाही. आम्ही त्या काढ्याविषयी मंदिराच्या ग्रुपवर लिहिले की, तो संदेश आम्ही न विचारता पाठविला होता, त्यामुळे एका गृहस्थांस अपाय झाला, कोणीही औषध बंद करू नये. लिहिताना मान खाली गेली. परंतु त्यानंतर दोघांनी फोन करून कळविले की तेही काढा सुरू करणारच होते.

त्या वृद्ध गृहस्थांचा आमच्यावरील विश्वास आजही कायम आहे. परवाच त्यांनी एक संदेश आम्हांस दाखविला आणि विचारले, “हे खरे आहे का हो?” आम्ही म्हणालो, “ठाऊक नाही. पाहून सांगतो.” पूर्वी हे तीन-चार शब्द उच्चारणे आम्हांस कमीपणाचे वाटले असते. आता वाटते की, गावात बातमीला पुन्हा जामीन मिळावयाचा असेल, तर आरंभ याच शब्दांनी करावा लागेल. परमेश्वर आम्हां सर्वांस तेवढे धैर्य देवो.